रेकॉर्ड नॉट फाऊंड

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण ज्युनियर केजीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा पेपर म्हणजे माझ्यासाठी एम-थ्रीपेक्षा वाईट! त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूममेटने तपासले आहेत. जे बरोबर आहेत ते तिचे, चुकलेले माझे.

विषय जरा जड आहे. वार्षिक अंकात लोक पाऊस, पहिलं प्रेम, मेसचं जेवण आणि सबमिशन यांवर लिहितात. मी घटस्फोटावर लिहितेय. घाबरू नका, माझं अजून लग्नही झालेलं नाही.

शाळेत आम्ही 'डिव्होर्स' हा शब्द हळू आवाजात बोलायचो, जणू तो एखादा संसर्गजन्य आजार आहे. आईच्या माहेरी, म्हणजे आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पुढच्या एका गावात, हा शब्द कुणी वापरतच नाही. 'घटस्फोट'सुद्धा नाही. तो पेपरातला शब्द. गावात म्हणतात फारकत झाली, सोडचिठ्ठी दिली, काडीमोड घेतला. आणि यातलं काहीच झालं नसेल तर म्हणतात, "ती माहेरी बसलीय." बसलीय! माझी मावशी पहाटे पाचला उठते, गोठा आवरते, दिवसभर शिलाई मशीनवर असते आणि लग्नसराईत रात्री बारापर्यंत ब्लाऊज शिवते. तरी गावाच्या लेखी ती गेली वीस वर्षं 'बसलेली' आहे.

मावशीचं लग्न २००२ साली झालं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. म्हणजे आज मी आहे तेवढी. सासर जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. चार वर्षांत ती परत आली. का आली, ते तिचं तिच्यापाशी राहू दे. २००६ मध्ये दोन्हीकडची चार-चार माणसं बसली आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली. खाली दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, एक अंगठा आणि नोटरीचा गोल शिक्का. त्या गृहस्थांनी पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं. त्यांना दोन मुलं आहेत. मावशीने केलं नाही. स्टॅम्पपेपर आजीच्या पत्र्याच्या पेटीत, दागिन्यांच्या रिकाम्या डबीखाली ठेवला गेला. सगळ्यांच्या मते विषय संपला.

तो उघडला 'लाडकी बहीण'मुळे. २०२४ साली योजना सुरू झाली तेव्हा मावशीने फॉर्म भरला आणि दीड हजार रुपये यायला लागले. २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा म्हणावा तर तो नवरा नाही. अशा खूप बायका अडकल्या, तेव्हा सरकारने सांगितलं की वडिलांच्या किंवा पतीच्या मृत्यूचा दाखला, किंवा घटस्फोटाचं प्रमाणपत्र नाहीतर न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. मावशी पेटीतला स्टॅम्पपेपर घेऊन गेली. अंगणवाडीच्या ताई चांगल्या होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याच्यावर कोर्टाचं काहीच नाही. कोर्टाचा कागद आण."

मी दिवाळीच्या सुट्टीत तिथेच होते. घरात इंजिनिअरिंगला गेलेली एकुलती एक मी. तुम्हाला माहीतच आहे, इंजिनिअरिंगला गेलं की मिक्सर दुरुस्तीपासून सरकारी फॉर्मपर्यंत सगळं आपल्याला येतं असं घरचे धरून चालतात. मामा म्हणाला, "तुझं ते कॉम्प्युटरवर बघ की. वीस वर्षांपूर्वीची फारकत हाय, कुठंतरी नोंद आसंलच."

मलाही तसंच वाटलं. डेटाबेसचा पेपर नुकताच झाला होता. जन्माची नोंद असते, मृत्यूची असते, लग्नाची असते, तर घटस्फोटाचंही एक टेबल असणारच!

आधी ग्रामपंचायत. तिथल्या भाऊसाहेबांनी समजावून सांगितलं. जन्म-मृत्यूचं रजिस्टर आहे. लग्नाचंही आहे, कारण १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्रात विवाह नोंदणी होते आणि गावात ती ग्रामपंचायतीत होते. घटस्फोटाचं रजिस्टर मात्र नाही. इथेच काय, तहसीलला नाही आणि झेडपीतही नाही. मावशीचं लग्नही कुणी नोंदवलेलं नव्हतं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सगळ्या राज्यांना लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं, पण त्या वर्षी मावशीचं लग्न मोडण्याच्या बेतात होतं. नोंदवणार कोण?

म्हणजे आपल्याकडे घटस्फोटाचं रेकॉर्ड एकाच ठिकाणी असतं, ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला त्या कोर्टात. नंबर माहीत असेल तर सोपं. नकलेसाठी अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दाव्याचा नंबर, वर्ष आणि पक्षकारांची नावं लिहायची, नक्कल विभागात द्यायचा. प्रकरण जुनं असेल तर फाईल रेकॉर्ड रूममधून काढावी लागते. नंबर माहीत नसेल तर वर्ष आणि नाव घेऊन रजिस्टरं चाळायची. अलीकडच्या खटल्यांसाठी ई-कोर्ट्सची वेबसाइट आणि ॲप आहे. तिथे प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की. तो नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशा खटल्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्याचा मजकूर छापायला बंदी आहे. म्हणजे कुणीही उठून कुणाच्याही घटस्फोटाची फाईल बघावी असं नाही. ज्याचा खटला त्याला नक्कल मिळते, त्रयस्थ माणसाला कारण दाखवून परवानगी मागावी लागते. मला हे बरं वाटलं. गावात ज्याची चर्चा पारावर होते, तिची फाईल तरी पारावर येत नाही.

मी ई-कोर्ट्सवर घोडेगावचं कोर्ट बघितलं, जुन्नरचं बघितलं, राजगुरुनगरचं बघितलं. मावशीचं नाव तीन स्पेलिंगने टाकलं. २००५ टाकलं, ०६, ०७, ०८ टाकलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच: रेकॉर्ड नॉट फाऊंड.

शेवटी मावशीला घेऊन घोडेगावला कोर्टात गेले. तिथल्या क्लार्कना स्टॅम्पपेपर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि एकच प्रश्न विचारला, "हे प्रकरण कोर्टात दाखल केलं होतं का?"

मावशी म्हणाली, "नोटरी केली होती ना, साहेब. वकिलांनीच लिवलं."

"नोटरी म्हणजे कोर्ट नाही, ताई. सही तुमचीच आहे एवढंच त्यानं कळतं. लग्न मोडत नाही."

मावशी काही बोलली नाही. बाहेर येऊन बाकावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हंजे मी वीस वर्षं त्याचीच बायको हाय?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. दीड हजार रुपयांचा विषय तिथेच मागे पडला.

कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस होतं. हे प्रत्येकाने लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाईन नंबर. तिथून आम्हाला एक वकील मॅडम मिळाल्या. त्यांनी मावशीला चहा पाजला आणि दोन तास सगळं ऐकून घेतलं. मला जे कळलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

फारकत ही काही खोटी गोष्ट नाही. आपल्याकडे शेतकरी आणि कारागीर जातींमध्ये काडीमोड आणि पाट शेकडो वर्षं चालत आलेत. इंग्रज आल्यावर आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे असे रिवाज गोळा करून १८२७ मध्ये पुस्तक छापलं. पण इंग्रजी कोर्टांना जातपंचायतीचा अधिकार मान्य नव्हता. १८७६ मध्ये संभू रघूच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने सांगितलं की लग्न मोडलं असं जाहीर करण्याचा किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला दुसरं लग्न करू देण्याचा अधिकार जातीला नाही. म्हणजे जात म्हणते सुटलीस, कोर्ट म्हणतं सुटली नाहीस! मावशीचा बाक किती जुना आहे बघा.

आणि ज्या जातींत काडीमोड नव्हताच तिथे तर सुटकाच नव्हती. रखमाबाईंचा खटला तुम्ही ऐकला असेल. लहानपणी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. पण नीट बघितलं तर तीही तडजोडच होती. लग्न मोडायचा कायदाच नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला आणि सगळ्या देशात हिंदूंसाठी १९५५ मध्ये. दोघांच्या संमतीने घटस्फोट ही सोय तर त्या कायद्यात १९७६ मध्ये आली.

१९५५ च्या कायद्यातही कलम २९ मध्ये रूढीच्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे. मी लगेच विचारलं, "मग आपली फारकत त्यात बसेल ना?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बसेलही, पण बसवावी लागेल." म्हणजे आमच्या जातीत, आमच्या भागात ही रूढी पूर्वापार आणि सलग चालत आली आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागेल. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात हेच सांगितलं. रूढीचा घटस्फोट हा अपवाद आहे, तो आहे असं म्हणणाऱ्याने तो शाबित करायचा. आमच्या कागदावरच्या पंचांपैकी दोनच आता हयात आहेत आणि त्यातल्या एकांना ऐकू येत नाही. त्यापेक्षा मॅडमनी सरळ रस्ता सांगितला, कलम १३-ब, संमतीने घटस्फोट. दोघं वर्षभर वेगळे राहत असावेत ही अट. इथे वीस वर्षं झालेली!

हे मी रूममेटला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे असं नाही." ती डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, महादेव कोळी. आणि तिचं बरोबर निघालं. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढली तरच. म्हणजे एकाच आंबेगाव तालुक्यात मंचरच्या मावशीची फारकत कागदावर उरते आणि भीमाशंकरच्या डोंगरातल्या बाईसाठी जमातीची रीत हाच कायदा असतो. अर्थात वाद झाला तर रीत सिद्ध करणं तिलाही चुकत नाही. मुसलमान बायकांसाठी १९३९ चा कायदा आहे, एका दमात तीन तलाक २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. ख्रिश्चनांचा कायदा १८६९ चा, त्यात संमतीचा घटस्फोट २००१ मध्ये आला. चौदा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढून हे मला घोडेगावच्या बाकावर कळलं!

आता दावा कुठे लावायचा? पुण्यात फॅमिली कोर्ट आहे, पण १९८४ च्या कायद्यात ही कोर्टं मुख्यतः दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी सांगितली आहेत. तालुक्यातल्या माणसाला दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जावं लागतं. आम्हाला मॅडमनी राजगुरुनगर सांगितलं. तुमच्या गावासाठी कोणतं कोर्ट ते तालुक्याच्या कोर्टात विचारून घ्या. पूर्वी लग्न जिथे झालं, समोरचा जिथे राहतो किंवा दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले तिथेच दावा लावता यायचा. म्हणजे बाईने सासरच्या तालुक्यात हेलपाटे घालायचे. २००३ पासून बायको स्वतः जिथे राहते तिथेही लावू शकते. आणि महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. हे दोन्ही गावात कुणालाच माहीत नव्हतं, अगदी सगळं माहीत असणाऱ्या मामालासुद्धा.

कागद काय लागले? दोघांचे आधार, फोटो, मावशीचा राहण्याचा पुरावा आणि लग्नाचा पुरावा. नोंदणी नव्हती, म्हणून लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो. लग्नपत्रिका आजीने जपून ठेवली होती. फोटोत मावशी माझ्यासारखी दिसते, हे सगळे म्हणाले आणि मग सगळे गप्प झाले.

खरा प्रश्न पुढे होता. संमतीचा घटस्फोट म्हणजे त्या गृहस्थांची संमती हवी. मामा म्हणाला, "तो कशाला येतोय? त्याचं सगळं झालंय." मला वेगळंच वाटत होतं. मॅडमनी सांगितलं होतं की पहिली बायको कायद्याने असताना केलेलं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल असतं आणि तो गुन्हाही आहे. मुलं मात्र कलम १६ मुळे औरसच धरली जातात आणि आईवडिलांच्या वाट्यात त्यांना हक्क मिळतो. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. पण त्या बाईचं काय? उद्या नवऱ्याला काही झालं तर कागदावर ती त्याची कुणीच नाही.

मॅडमनी मावशीला विचारलं, "त्यांच्यावर फिर्याद करायची आहे का?"

मावशी म्हणाली, "त्याला आत टाकून मला काय मिळंल? आन् त्या बाईला कुणी इचारलं व्हतं का?"

आणि मग एका संध्याकाळी फोन आला. त्या दुसऱ्या बाईंचाच. बातमी ओतूरला पोहोचली होती. मावशीने फोन स्पीकरवर ठेवला नाही, त्यामुळे आम्हाला एकच बाजू ऐकू आली. "व्हय... न्हाई, रडू नको... आगं, तुझं बी व्हईल आन् माझं बी व्हईल." फोन ठेवून ती मशीनकडे गेली आणि अर्धवट राहिलेली बाही शिवायला घेतली. नंतर म्हणाली, "ताई म्हणाली मला. इतकी वर्षं मी तिला श्याप देत व्हते."

पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ स्वतः आले. त्यांना कुणी आणलं असेल ते तुम्हीच ओळखा.

मावशी संत आहे असं समजू नका हं! एकरकमी पोटगी तिने मागितली, मामाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त मागितली आणि घासाघीस करून घेतली. "फारकतीच्या टायमाला कुणी मला इचारलं न्हाई. आता इचारलंय तर सांगते," असं म्हणाली. ते सगळं अर्जात अटींसकट लिहिलं. लग्नातली भांडी मात्र सोडून दिली. त्यांची आता काय किंमत!

तारखेच्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली. (एचओडी सर, प्लीज ही ओळ वाचू नका.) कोर्टाच्या व्हरांड्यात बोर्डावर नंबर लागले होते. शिपायाने पुकारा केला. कायद्याप्रमाणे कामकाज बंद दाराआड, पण नावं मात्र अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेली. मी बाहेरच थांबले. दहा-बारा मिनिटांत दोघं बाहेर आले. न्यायाधीशांनी मावशीला विचारलं होतं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, तुम्हाला समजतंय ना कशावर सही करताय? मावशी परत येताना एसटीत म्हणाली, "समजतंय का, असं पहिल्यांदाच कुणी इचारलं." २००६ च्या स्टॅम्पपेपरवर तिची सही होती, पण तो तिने वाचलेला नव्हता. तिला वाचता येत नाही म्हणून नाही. ती दहावी पास आहे. वाचायला दिलाच नव्हता.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, म्हणजे दोघांना फेरविचार करता यावा. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की दोघं आधीच दीर्घकाळ वेगळे असतील आणि समेटाची आशा नसेल तर कोर्ट हा काळ माफ करू शकतं. तसा अर्ज आम्ही केला आहे. हा लेख लिहिते आहे तेव्हा पुढची तारीख मिळाली आहे. हुकूमनामा झाला की त्याची एक-एक प्रत दोघांना मोफत द्यायची असं कलम २३ मध्येच लिहिलं आहे. मागायची लाज बाळगू नका.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला का सांगतेस? आम्ही इंजिनिअर होणार, वकील नाही. पण या होस्टेलमध्ये अर्ध्याहून जास्त मुलंमुली जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर अशा तालुक्यांतून आल्या आहेत. जुन्नरच्या शेजारच्या संगमनेरमध्ये १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली होती. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भरवली, तेव्हा लोकांना पहिल्यांदा दिसलं की गावोगाव किती बायका टाकलेल्या आहेत. आणि २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेले सुमारे साडेतेरा लाख लोक होते, पण विभक्त म्हणून नोंदलेले त्याच्या जवळपास तिप्पट. ही तिप्पट माणसं म्हणजे कोर्टाचा कागद नसलेली माणसं. त्यातली एखादी तुमच्याही घरात असेल. आत्या असेल, मावशी असेल, शेजारच्या काकू असतील. घरात सगळ्यांना वाटत असेल की तिची फारकत कधीच झाली.

सुट्टीत घरी जाल तेव्हा तिला विचारा, कागद कुठे आहे? चारचौघांत नाही, एकटी असताना. कागदावर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर आणि कोर्टाचा शिक्का आहे का बघा. असेल तर नंबर वहीत लिहून ठेवा, फोटो काढा, नक्कल हरवली असेल तर नवी काढून आणा. नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची पाटी शोधा. मुलींनो, आणि मुलांनो तुम्हीही, स्वतःच्या लग्नाची नोंदणी करा. लग्न मोडणार म्हणून नाही. लग्न झालं होतं हेसुद्धा कधी ना कधी सिद्ध करावं लागतं.

मावशीने परवा फोनवर विचारलं, कागद आला की तो लॅमिनेट करायचा का? मी म्हटलं, अजिबात नको, लॅमिनेट केलेला कागद ऑफिसात कुरकुर करतात. साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव आणि तीन झेरॉक्स काढ. एक आपल्याकडे, एक अंगणवाडीच्या ताईंना. तिसरी कुणाला, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे जास्तीची. ती म्हणाली, "न्हाई, तिसरी ओतूरला पाठवते. त्यांना कोर्ट देईलच, पन मानूस हरवतं कागद. त्या बाईजवळ एक असावी."